कूलरच्या मोटरीतील फिरत्या भागाला वीज पोहोचते कशी?

तारतंत्री
उन्हाळा तोंडावर आला की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, टाक्या धुतल्या जातात, वुडवूल बदलले जाते आणि खटका दाबल्यावर पुष्कळ घरांत एकच तक्रार ऐकू येते, की मोटर नुसती घुमते पण पंखा हलत नाही. मिस्त्री येतो, कंडेन्सर बदलतो आणि पंखा फिरू लागतो. आपल्या समूहात मोटर रिवाइंड कुठे करावी, कोणती घ्यावी यावर भरपूर लिहिले गेले आहे. ती का फिरते, यावर मात्र फारसे कोणी लिहिलेले नाही, म्हणून हा धागा.

कूलरची मोटर उघडून पाहिली तर बाहेरच्या स्थिर भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, तांब्याच्या तारेची वेटोळी दिसतात आणि वीजपुरवठा त्यांनाच जोडलेला असतो. आत फिरणाऱ्या रोटरला एकही तार गेलेली नसते. मिक्सरच्या मोटरीत कार्बन ब्रश असतात आणि ते घासत घासत फिरत्या भागापर्यंत वीज पोहोचवतात. कूलरच्या मोटरीत तेही नसतात. रोटर म्हणजे लोखंडी चकत्यांच्या थप्पीत ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या दांड्या आणि त्या दांड्यांना दोन्ही टोकांशी जोडणाऱ्या दोन कड्या, एवढाच पिंजरा. तरीही त्या पिंजऱ्यात चांगला मोठा प्रवाह वाहतो आणि तो वाहतो म्हणूनच पंखा फिरतो.

याचे उत्तर समजण्यासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागते. १८२० साली कोपनहेगन येथे हान्स ख्रिश्चन अर्स्टेड यांनी दाखवून दिले, की तारेतून प्रवाह सोडला की जवळची होकायंत्राची सुई वळते, म्हणजेच वीज चुंबकत्व निर्माण करते. त्याच दशकात विल्यम स्टर्जन यांनी लोखंडावर तार गुंडाळून विद्युतचुंबक तयार केला. मग उलट प्रश्न साहजिकच पुढे आला, की चुंबकापासून वीज मिळेल का. अनेकांनी तारेजवळ बलवान चुंबक ठेवून पाहिले आणि काहीही घडले नाही. २९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरेडे यांनी एका लोखंडी कड्यावर दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळली, एकाला बॅटरी आणि दुसऱ्याला प्रवाह दाखवणारी सुई जोडली. बॅटरी जोडताच सुई क्षणभर हलली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी सुरू असेपर्यंत ती स्वस्थ राहिली. बॅटरी तोडताच ती विरुद्ध दिशेला हलली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी नुसता दंडचुंबक वेटोळ्यात आत-बाहेर करून तोच परिणाम मिळवला.

माझ्या मते शाळेत हा प्रयोग शिकवताना सर्वांत महत्त्वाचा भाग निसटतो, तो म्हणजे सुई स्वस्थ राहिलेला मधला काळ. चुंबकीय क्षेत्र कितीही बलवान असले तरी ते स्थिर असेल तर शेजारच्या स्थिर वेटोळ्यात वीज निर्माण होत नाही. वेटोळ्यातून जाणारे क्षेत्र वाढले, घटले किंवा फिरले तरच होते आणि हा बदल जितका वेगवान तितका विद्युतदाब अधिक. यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात.

आता पुन्हा मोटरीकडे येऊ. स्टेटरची वेटोळी मिळून असे चुंबकीय क्षेत्र तयार करतात, की जे स्वतःच गोल फिरत असते. चार ध्रुवांच्या मोटरीत ५० हर्ट्झच्या विजेवर ते मिनिटाला १,५०० फेऱ्या घेते. थांबलेल्या पिंजऱ्याच्या दृष्टीने हे क्षेत्र सतत बदलत असल्यामुळे त्याच्या दांड्यांत प्रवाह प्रवर्तित होतो, त्या प्रवाहाचे स्वतःचे चुंबकत्व तयार होते आणि पिंजरा फिरत्या क्षेत्राच्या मागे ओढला जातो. मात्र तो क्षेत्राला कधीच गाठत नाही. गाठले तर त्याच्या दृष्टीने क्षेत्र स्थिर होईल, प्रवाह थांबेल आणि ओढ संपेल. म्हणून अशा मोटरीचा प्रत्यक्ष वेग १,५०० नसून १,४०० च्या आसपास असतो. हा फरक म्हणजे मोटरीतील दोष आहे, असे समजणारे लोक मला भेटलेले आहेत. वस्तुतः त्या फरकावरच मोटर चालते.

शंकासुर
विवेचन आवडले, परंतु एक अडचण आहे. आपल्या घरात एकच फेज येतो. त्यातील वीज फक्त मागे-पुढे होते, मग तिचे क्षेत्रही मागे-पुढेच व्हायला हवे. ते गोल कसे फिरते? आणि कंडेन्सर गेलेल्या मोटरीला हाताने झटका दिला तर ती ज्या दिशेला झटका दिला त्या दिशेने फिरू लागते, हे माझे काका आम्हाला करून दाखवत असत. त्याचे कारण काय असावे?

तारतंत्री
शंकासुरभाऊ, तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. एका वेटोळ्याचे क्षेत्र खरोखरच मागे-पुढे होते, फिरत नाही. गणिताच्या दृष्टीने असे डोलणारे क्षेत्र म्हणजे विरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन सारख्या क्षेत्रांची बेरीज असते. पिंजरा थांबलेला असताना दोघांची ओढ सारखीच असल्याने तो कुठेच जात नाही आणि मोटर घुमत राहते. झटका दिला की ज्या दिशेने तो फिरतो त्या दिशेच्या क्षेत्राची ओढ वरचढ ठरते आणि मोटर त्याच बाजूने वेग घेते.

कंडेन्सरचे काम हा झटका दिशेसह देणे हे आहे. स्टेटरमध्ये दुसरे वेटोळे पहिल्याशी काटकोनात बसवलेले असते आणि कंडेन्सर त्याच्याशी एकसरीत जोडलेला असतो. त्यामुळे दुसऱ्या वेटोळ्यातील प्रवाह पहिल्याच्या सुमारे पाव आवर्तन पुढे धावतो. ५० हर्ट्झवर एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे हे अंतर साधारण ५ मिलिसेकंदांचे झाले. एका वेटोळ्याचे क्षेत्र शिगेला असताना दुसऱ्याचे शून्याजवळ, आणि मग उलट. या अदलाबदलीतून फिरते क्षेत्र तयार होते. घरातल्या छतपंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. उष्णतेने आणि वयाने त्याची धारकता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, घटते, तेव्हा पंखा आधी मंदावतो आणि पुढे सुरू होण्यास नकार देतो.

काठीने किंवा हाताने झटका देण्याचा प्रयोग कृपया कोणी करू नये. पाती लागण्याचा धोका उघड आहे, पण दुसरा धोका वेटोळ्यांना असतो. पिंजरा थांबलेला असताना क्षेत्र आणि पिंजरा यांच्या वेगातील फरक सर्वाधिक, म्हणून प्रवाहही नेहमीपेक्षा कितीतरी अधिक, आणि पंखा थांबल्यामुळे मोटरीला हवाही मिळत नाही. वार्निश जळाल्याचा वास येईपर्यंत वाट पाहिली तर कंडेन्सरच्या किमतीत भागणारे काम रिवाइंडिंगवर जाते.

उमरेड रोड
आमच्या वस्तीत मे महिन्यात सायंकाळी विद्युतदाब १८० पर्यंत उतरतो आणि कूलरचा वारा निम्म्यावर येतो. दाब पाचव्या हिश्शाने कमी झाला तर वारा इतका कमी का होतो? शिवाय शेजारी सर्वांनी स्टॅबिलायझर घेतल्यापासून आमचा दाब अधिकच उतरतो, असे वाटते. हा भास आहे का?

खापरखेडा पाळी
तो भास नाही. मोटरीत स्टेटरचे क्षेत्र विद्युतदाबाच्या प्रमाणात घटते आणि त्या क्षेत्राने पिंजऱ्यात निर्माण केलेला प्रवाहही त्याच प्रमाणात घटतो; ओढ या दोघांच्या गुणाकारावर ठरते, म्हणजे दाबाच्या वर्गावर. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर ओढ सुमारे ६१ टक्के उरते.

स्टॅबिलायझर हा बदलत्या टप्प्यांचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे विद्युतदाब वाढवणारी किंवा उतरवणारी वेटोळ्यांची जोडी असतो. त्यातून येणारा टक् असा आवाज टप्पे बदलणाऱ्या रिलेचा, आणि तो रिले म्हणजेही एक छोटा विद्युतचुंबक. १८० चे २३० करताना तो ऊर्जा निर्माण करत नाही, त्यामुळे आत जाणारा प्रवाह बाहेर पडणाऱ्यापेक्षा किमान सव्वापट असावा लागतो. वस्तीतल्या साऱ्या स्टॅबिलायझरांनी असा वाढीव प्रवाह ओढला की वाहिनीतील दाबाची घट वाढते आणि ज्याच्याकडे स्टॅबिलायझर नाही त्याला ती भोगावी लागते. खरा उपाय डीपीची, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरची, क्षमता वाढवणे किंवा तारा जाड करणे हा आहे आणि तो एकट्यादुकट्या ग्राहकाच्या हाती नाही, म्हणून वस्तीने मिळून अर्ज करावा.

आता वीज जेथे तयार होते तेथील बाजू सांगतो. कोराडी, खापरखेडा, मौदा या आपल्या परिसरातील औष्णिक केंद्रांत वाफेवर फिरणारे टर्बाइन जनित्राचा रोटर फिरवते. तो रोटर म्हणजे दोन ध्रुवांचा अवाढव्य विद्युतचुंबक असून तो मिनिटाला ३,००० म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या घेतो, आणि आपल्या घरातील ५० हर्ट्झ येतात ते येथूनच. तोतलाडोहसारख्या जलविद्युत केंद्रात टर्बाइन हळू फिरते, म्हणून तेथे ध्रुवांची संख्या अधिक ठेवावी लागते.

बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट ही, की जनित्र फिरवायला लागणारे बळ ग्राहकांवर अवलंबून असते. कोणीच वीज वापरत नसेल तर रोटर फिरवण्यास घर्षणाएवढेच बळ पुरे. जसजसे कूलर सुरू होतात तसतसा स्टेटरमधील प्रवाह वाढतो आणि त्या प्रवाहाचे चुंबकत्व रोटरच्या फिरण्याला विरोध करते. हाच लेंझ यांचा नियम, जो हाइनरिश लेंझ यांनी १८३४ मध्ये मांडला: प्रवर्तित प्रवाह आपल्या कारणालाच विरोध करतो. भार अचानक वाढला की सर्व जोडलेली जनित्रे किंचित मंदावतात, वारंवारता ५० च्या खाली घसरू लागते आणि गव्हर्नर, म्हणजे टर्बाइनचा वेगनियंत्रक, वाफेची झडप अधिक उघडतो. म्हणजे बर्डीच्या एखाद्या दुकानात लावलेल्या कूलरची किंमत जनित्राच्या दांड्यावर तत्काळ वसूल होते. समाजमाध्यमांवर चुंबक चिकटवून आपोआप फिरणाऱ्या पंख्यांच्या आणि फुकट विजेच्या ज्या चित्रफिती फिरतात, त्या पाहताना हा विरोध कुठे गेला, एवढे शोधावे. बहुधा टेबलाखाली बॅटरी सापडते.

जनित्रातून वीज सुमारे २० हजार व्होल्टच्या घरात निघते आणि ट्रान्सफॉर्मर तिचा दाब ४०० केव्ही, म्हणजे चार लाख व्होल्टपर्यंत वाढवतो, कारण तेवढीच शक्ती दहापट दाबाने पाठवली तर प्रवाह दहावा हिस्सा होतो आणि तारा तापण्यातील नुकसान शंभरावा हिस्सा होते. गल्लीच्या कोपऱ्यावरील डीपी शेवटी ११ केव्हीचे ४३३ व्होल्ट करते. तिच्या दोन वेटोळ्यांत विजेची जोडणी नसते, मध्ये केवळ लोखंडी गाभ्यातील बदलते क्षेत्र असते. फॅरेडे यांच्या कड्याचेच हे मोठे रूप. डीपीचा घुमणारा आवाज १०० हर्ट्झचा असतो, कारण गाभ्याचे लोखंड प्रत्येक आवर्तनात दोनदा सूक्ष्म प्रमाणात आकार बदलते.

शंकासुर
साहेब, ट्रान्सफॉर्मरला बदलतीच वीज लागते हे पटले. मग चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला जाणारी वाहिनी डीसीची, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची, कशी? तिच्यावर तर पाच लाख व्होल्ट असल्याचे वाचले आहे.

खापरखेडा पाळी
बरोबर वाचले आहे. ती ±५०० केव्हीची, सुमारे ७५० किलोमीटर लांबीची वाहिनी आहे. चंद्रपूरला दाब एसीतच, म्हणजे बदलत्या विजेतच, ट्रान्सफॉर्मरने वाढवला जातो, नंतर थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक खटक्यांच्या साहाय्याने त्याचे डीसी केले जाते, पडघ्याला पुन्हा एसी केले जाते आणि तेथेही ट्रान्सफॉर्मर असतो. म्हणजे डीसीचा प्रवास दोन ट्रान्सफॉर्मरांच्या मधला आहे. एवढा खटाटोप करण्याचे एक कारण याच धाग्याच्या विषयात आहे. लांब तारेभोवतीही चुंबकीय क्षेत्र असते आणि एसीमध्ये ते सेकंदाला शंभर वेळा उभारले व मोडले जात असल्यामुळे तार स्वतःच प्रवाहाला अडथळा करते. स्थिर डीसीमध्ये क्षेत्र बदलत नाही, म्हणून हा अडथळा राहत नाही. शिवाय तीनऐवजी दोन वाहक पुरतात. थोड्या अंतरासाठी मात्र दोन्ही टोकांच्या रूपांतरण केंद्रांचा खर्च परवडत नाही.

गोकुळपेठेची मास्तरीण
मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वरील चर्चेत दोन गोष्टींची भर घालते.

प्रवर्तित प्रवाहाचा विरोध मुलांना हातात जाणवावा असे वाटत असेल तर एअर कंडिशनरच्या कामातून उरलेल्या तांब्याच्या नळीचा सरळ तुकडा आणि नळीत सैल बसेल असा निओडायमियमचा छोटा चुंबक घ्यावा. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे आधी मुलांकडून तपासून घ्यावे आणि मग चुंबक नळीतून सोडावा. तो पडत नाही, उतरतो. त्याच आकाराचा साधा लोखंडी तुकडा सरळ खाली येतो. पडणाऱ्या चुंबकाभोवती नळीच्या भिंतीत वर्तुळाकार प्रवाह निर्माण होतात आणि ते त्याला अडवतात. मुले हमखास विचारतात, की नळी लांबीच्या बाजूने चिरली तर काय होईल. तेही करून दाखवावे, कारण वर्तुळाची वाट तुटल्याने चुंबक बऱ्यापैकी वेगाने खाली येतो. ट्रान्सफॉर्मरचा गाभा अखंड लोखंडाचा न करता पातळ, एकमेकींपासून विलग केलेल्या पत्र्यांचा का करतात, ते हे पाहिल्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या प्रवाहांना भोवरी प्रवाह म्हणतात आणि गाभ्यात ते नुसती ऊर्जा खातात.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातील. तेथे हेच खादाड प्रवाह कामाला लावले आहेत. इंडक्शन शेगडीच्या काचेखाली तांब्याचे चपटे वेटोळे असते आणि त्यातून ५० हर्ट्झची नव्हे, तर सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा बदलणारी वीज सोडली जाते. वीस हजार ही माणसाच्या ऐकण्याची वरची मर्यादा असल्यामुळे तिचा मूळ सूर ऐकू येत नाही. भांड्याच्या बुडात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि बूड स्वतःच तापते. काच तापते ती भांड्यामुळे. लोखंडी तव्यात हे प्रवाह बुडाच्या पृष्ठभागालगत मिलिमीटरच्या अगदी लहान अंशात दाटतात, तेथे त्यांना मोठा रोध होतो आणि भरपूर उष्णता निर्माण होते. जर्मनच्या पातेल्यात ते सुमारे अर्धा मिलिमीटर खोल पसरतात, शिवाय ॲल्युमिनियमचा रोध मुळातच कमी, त्यामुळे उष्णता नगण्य असते आणि शेगडी भांडे नसल्याचा इशारा देते. पितळ आणि तांबे यांचेही तेच.

स्टीलबाबत गोंधळ होतो. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले स्टील चुंबकाला चिकटत नाही आणि साध्या शेगडीवर नीट तापत नाही, म्हणून इतवारीत भांडी घ्यायला जाताना पर्समध्ये फ्रिजवरचा चुंबक ठेवावा. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

वर्धा लाइन
जुन्या वीजमीटरमधील ॲल्युमिनियमची फिरती चकती आठवते का? तिलाही तार नव्हती. दाबाचे एक आणि प्रवाहाचे एक अशी दोन वेटोळी चकतीत भोवरी प्रवाह निर्माण करत आणि ती कूलरच्या पिंजऱ्याप्रमाणे ओढली जात असे. तिच्या कडेवरील कायम चुंबक ताईंच्या तांब्याच्या नळीप्रमाणे तिला अडवत असे, म्हणून वेग वापराच्या प्रमाणात राहत असे. मीटरवर चुंबक ठेवण्याच्या युक्त्या तेव्हापासून चालत आल्या आहेत. आताचे इलेक्ट्रॉनिक मीटर चुंबक जवळ आल्याची नोंद करतात आणि मीटरमध्ये असा हस्तक्षेप करून वीज घेणे विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरी ठरते. या विषयावर येथे युक्त्या विचारू नयेत.

रेल्वेबद्दल थोडे. अजनीच्या शेडमधील डब्ल्यूएजी-९ इंजिन वरच्या तारेतून २५ केव्ही घेते, पोटातील ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो आणि चाके फिरवतात त्या तीन फेजच्या इंडक्शन मोटरी, तत्त्वाने कूलरच्या मोटरीच्या सख्ख्या बहिणी. तारतंत्री यांनी म्हटले आहे, की पिंजरा फिरत्या क्षेत्राच्या मागे राहतो. उतारावर किंवा ब्रेक लावताना चालक क्षेत्राचा वेग पिंजऱ्याच्या वेगापेक्षा कमी करतो. मग पिंजरा पुढे आणि क्षेत्र मागे, अशी उलट स्थिती होते, प्रवाहाची दिशा उलटते आणि तीच मोटर जनित्र बनून वीज वरच्या तारेला परत देते. गाडी मंदावते ती लेंझ यांच्या नियमाने.

उमरेड रोड
दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या येतात. ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा खटका, बसवावी असे सर्व सांगतात. तिचाही संबंध या विषयाशी आहे का?

तारतंत्री
थेट आहे. आज मिळते ती आरसीसीबी. बोलताना तिलाच ईएलसीबी म्हणतात. तिच्या आत लोखंडी मिश्रधातूचे कडे असते आणि फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा त्यातून जातात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असेल तर दोघांची क्षेत्रे एकमेकांना खोडतात आणि कड्यावरील तिसऱ्या वेटोळ्यात काहीच निर्माण होत नाही. कूलरच्या ओल्या पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून काही प्रवाह जमिनीत गेला की येणारा कमी पडतो, कड्यात बदलते क्षेत्र उरते, तिसऱ्या वेटोळ्यात प्रवाह येतो आणि खटका पडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरची घ्यावी. साधी एमसीबी यासाठी उपयोगाची नाही. ती तारा वाचवण्यासाठी असते आणि माणसाला घातक ठरणारा प्रवाह तिच्या दृष्टीने नगण्य असतो. आरसीसीबी असली तरी कूलरच्या पत्र्याला अर्थिंग हवेच, म्हणजे दोष निर्माण होताच, कोणी हात लावण्यापूर्वी, खटका पडतो.

तिच्या दोन मर्यादा लक्षात घ्याव्यात. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, पण जमिनीत काही गेले नाही, तर कड्याच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे आणखी एक बल्ब. खटका पडणार नाही. म्हणून टाकीत पाणी भरताना नुसता खटका बंद न करता प्लग काढून ठेवावा. दुसरी मर्यादा उपकरणांच्या प्रकाराची आहे. इंडक्शन शेगडी, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरीचा) पंखा यांच्या आत विजेचे डीसी केलेले असते. तेथून गळती झाली तर तिचे स्वरूप एसीचे राहीलच असे नाही आणि ‘एसी’ प्रकारची आरसीसीबी अशा गळतीला दाद देईलच याची खात्री नसते. ‘ए’ प्रकारची आरसीसीबी तुटक डीसी ओळखते. पूर्णपणे स्थिर डीसी गळती मात्र तीही ओळखत नाही, कारण कड्यातील क्षेत्र बदलतच नाही. त्यासाठी ‘बी’ प्रकार असतो, तो महाग आहे आणि साध्या घरात त्याची सहसा गरज पडत नाही. नवी आरसीसीबी घेताना तिच्यावरील चिन्ह पाहून ‘ए’ प्रकारची मागावी आणि बसवल्यावर तिचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून खटका पडतो याची खात्री करावी.